हौसाबाईंनी निवडलेला गार्ड

माझ्या सासूबाई चिडल्या की भांडत नाहीत, स्वयंपाक करतात. कुमार साहेबाने नामाकाकांचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, त्या दुपारी आमच्या घरात तांदळाच्या भाकऱ्यांची चळत लागली होती. सोबत वालाचं बिरडं, सुक्या बोंबलांचं कालवण आणि वर पुन्हा आंबट वरण. खाणारी माणसं तीन. मी विचारलं, "आई, कोणी येणार आहे का?" तव्यावरची भाकरी उलटत त्या म्हणाल्या, "कोन न्हाय येनार. गप खा." तेव्हाच मला कळलं की हे प्रकरण लवकर निवणारं नाही.

त्यांचं नाव हौसाबाई. मी त्यांची सून, मृणाली. माझं माहेर भिवंडीत, धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत. तिथे लूमच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय कुणाला काही ऐकू जात नाही, म्हणून मी मोठ्याने रागावते आणि संध्याकाळपर्यंत विसरते. सासूबाईंचं उलटं. त्या हळू रागावतात आणि विसरणं त्यांना जमत नाही.

काल्हेरला खाडीच्या अंगाला आमचा टॉवर आहे. 'आमचा' असं मी मुद्दाम म्हणते, कारण आता जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथे सासूबाईंनी गुडघाभर चिखलात भात लावलेला आहे. जमीन दिली तेव्हा बिल्डरने घराला फ्लॅट दिले आणि गेटवर माणसं पुरवायचं काम सासूबाईंच्या नावावर लावलं. आमच्या पट्ट्यात ही पद्धतच आहे. जमीन ज्यांची, त्यांच्यापैकी कुणाला रेती-विटांचा ठेका, कुणाला पाण्याच्या टँकरचा. सासूबाईंच्या वाट्याला वॉचमन आले.

त्या वॉचमनांचे मुकादम म्हणजे नामाकाका, सासूबाईंचे धाकटे दीर. माझे सासरे गेले तेव्हा माझा नवरा मनोज शाळेत होता. काकांनी स्वतःची लेक पार्वती आणि वहिनीचा मनोज यांच्यात कधी फरक केला नाही. सासूबाई सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत, पण काकांना जेवायला वाढताना त्यांचा हात सैल सुटायचा.

आता खरं सांगायचं तर वॉचमन म्हणून काका काही फार भारी नव्हते. ते सगळ्यांना ओळखायचे, त्यामुळे कुणालाच काही विचारायचे नाहीत. मर्सिडीजमधून कुणी उतरलं की सलाम ठोकायचा सोडून "जेवलात का?" असं विचारायचे. दुपारी खुर्चीत डुलकी लागायची. पण विंगमधल्या पोरांना सायकल त्यांनीच शिकवली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पडल्या तेव्हा उचलून रिक्षात त्यांनीच घातल्या. लोकांची तक्रार नव्हती. निदान कुमार साहेब चेअरमन होईपर्यंत तरी नव्हती.

त्याचं पूर्ण नाव खाली लॉबीतल्या फलकावर सोनेरी अक्षरांत लावलेलं आहे. मी ते इथे लिहीत नाही. तेवढाही मान त्याला माझ्याकडून मिळणार नाही. माणूस एका मोठ्या गोदामाचा मॅनेजर, बोलायला गोड. सासूबाईंना 'मावशी' म्हणतो, पण म्हणताना बघतो मोबाइलकडे. चेअरमन झाल्या झाल्या त्याने घोषणा केली की एवढ्या मोठ्या कॉम्प्लेक्सला शोभतील असे प्रोफेशनल गार्ड आणायचे. टाय, चकचकीत बूट, कानात वायर. गावचे म्हातारे काढून टाकायला काहीतरी कारण हवं होतं, म्हणून त्याने आपल्या गोदामातल्या एका माणसाला कुरिअरवाला बनवून आत पाठवलं.

तो माणूस आला तेव्हा काका खुर्चीत नव्हते. कॉम्प्लेक्सच्या मागच्या कोपऱ्यात, जनरेटरच्या पलीकडे, आमचा बापदेव आहे. दिसायला शेंदूर फासलेला दगड. गावच्या शिवेची राखण करणारा देव. शेतं गेली, शीव गेली, दगड तिथेच राहिला, आणि बिल्डरनेही त्याच्याभोवती फरशा बसवून दिल्या. काका सकाळी ड्युटीवर आले की आधी त्याला पाणी घालायचे, अगरबत्ती लावायचे आणि मग खुर्चीत बसायचे. तेवढ्यात तो कुरिअरवाला लिफ्टने गच्चीवर गेला आणि वरून व्हिडिओ घेतला. गेटवर रिकामी खुर्ची, आणि कोपऱ्यात हात जोडून उभे असलेले नामाकाका. कुमार साहेबाने खाली लिहिलं, 'आपली सिक्युरिटी, भगवान भरोसे.' हसणारे चेहरे तर विचारू नका. गावातल्या पोरांपर्यंत तो व्हिडिओ जायला फार वेळ लागला नाही.

काकांनी तो पाहिला रिक्षा स्टँडवर, दुसऱ्याच्या मोबाइलवर, चार माणसं हसत असताना. ते घरी आले, अंगातला युनिफॉर्मचा शर्ट काढून नीट घडी घातली आणि सासूबाईंच्या हातात दिला.

"वयनी, मना झोपाळू म्हनाले असते तरी मी ऐकून घेतलं असतं," ते म्हणाले. "पन देवाच्या पाया पडतो म्हनून हसले."

दुसऱ्या दिवशी ते एसटीने गणेशपुरीला लेकीकडे निघून गेले. पार्वतीच्या सासरी थोडी भातशेती आहे आणि आश्रमाच्या रस्त्यावर फुलांची टपरी. काका टपरीवर बसायला लागले. गणपतीलासुद्धा आमच्याकडे आले नाहीत.

त्या गणपतीत सासूबाई मोदकाची पारी वळता वळता मला म्हणाल्या, "मृणाली, ह्याच गेटवर त्याची मान खाली घालायला लावीन मी. लोकांदेखत. नामा ते बघंल, मगच त्याचं मन भरंल आनी तो परत येल." मी म्हटलं, "कशी?" त्या म्हणाल्या, "ते अजून ठरलं न्हाय." आणि पारी इतकी पातळ वळली की मोदक उकडताना फुटला.

सूड घ्यायची संधी कुमार साहेबानेच आणून दिली. आमच्या माणसांना त्याने काढलंच होतं, आता नवी एजन्सी निवडायला क्लबहाऊसमध्ये कमिटीची बैठक बोलावली. सासूबाई कमिटीवर होत्या. महिलांच्या जागेवर दुसरं कुणी उभं राहिलं नाही, म्हणून कधीतरी त्यांचं नाव घातलेलं होतं, पण त्या एकाही बैठकीला गेल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र त्यांनी हिरव्या काठाचं लुगडं नेसलं, गळ्यात पुतळ्यांची माळ घातली आणि मला म्हणाल्या, "चल, इंग्रजी वाचाया."

कुमार साहेबाला वाटलं, बाई भांडायला आलीय. तो सावध होऊन बसला. सासूबाई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या आणि चहा घेतला.

पहिल्या एजन्सीचा माणूस सुटाबुटात होता. त्याने पडद्यावर दुबईच्या टॉवरचे फोटो दाखवले. आमची माणसं तुमच्या पाहुण्यांचं हॉटेलसारखं स्वागत करतील, म्हणाला. दुसऱ्याने सहा फुटी पोरं आणली होती. त्यांना उभं करून त्याने सलाम ठोकून दाखवायला लावला, तर क्लबहाऊसच्या काचा हादरल्या. कमिटीतले लोक एकेक प्रश्न विचारत होते. उंची किती, इंग्रजी येतं का, बूट कोण देणार, पावसाळ्यात रेनकोट कोणत्या रंगाचा. खरंच, रेनकोटच्या रंगावर चर्चा झाली. चोर कसा पकडाल, हे कुणीच विचारलं नाही.

सासूबाईंचा प्रश्न एकच होता. तो त्यांनी दोघांनाही विचारला.

"चेअरमनला अडवाल का?"

सुटाबुटातला हसला. "मॅडम, चेअरमन साहेबांना कोण अडवणार? त्यांची गाडी दिसली की बूम आधीच वर!" बूम म्हणजे गेटवरचा तो लाल-पांढरा आडवा दांडा. दुसरा म्हणाला, "आमच्या पोरांना साहेबांचा फोटो पाठ करून घेतो." कुमार साहेब दोन्ही वेळा खूश होऊन खुर्चीत मागे रेलला.

तिसरी एजन्सी साधी होती. चालवणारे रामनाथ, फौजेतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्याबरोबर एकच गार्ड, जीवन नावाचा. वज्रेश्वरीच्या पलीकडच्या खेड्यातला, काळासावळा, पाठ ताठ ठेवून बसलेला. सासूबाईंनी तोच प्रश्न टाकला. रामनाथ उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात जीवनच बोलून गेला.

"पास नसंल तर अडवीन."

रामनाथनी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. ते मला दिसलं. सगळे कुमार साहेबाकडे बघायला लागले. आता एवढ्या लोकांसमोर तो काय म्हणणार? त्याने मोठ्याने टाळी वाजवली. "व्हेरी गुड! हेच पाहिजे आपल्याला!"

"मंग माझं मत ह्याला," सासूबाई म्हणाल्या. "आनी आमच्या भावकीचे जेवढे फ्लॅट हायेत त्यांचं बी ह्यालाच. पन साहेब, ठराव करा. अॅपवर परवानगी नसंल तर कोनालाच सोडायचं न्हाय. पाहुन्यानं ज्या फ्लॅटला आलाय त्याच फ्लॅटला जायाचं, आवारात घोळक्यानं फिरायचं न्हाय. चेअरमनला बी सूट न्हाय, मना बी न्हाय."

जिचे दीर आपण घालवले तीच बाई आपल्या बाजूने बोलतेय, हे पाहून कुमार साहेब हरखला. त्याने तिथल्या तिथे ठराव लिहून घेतला, सही केली आणि निघताना म्हणाला, "मावशी, तुम्ही खूप प्रोग्रेसिव्ह आहात." सासूबाईंनी लिफ्टमध्ये मला त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, "पुढारलेल्या." त्या म्हणाल्या, "पुढं काय होतंय ते बघ म्हनावं." त्या रात्री आमच्या घरी फक्त मुगाची खिचडी शिजली. सासूबाईंचं पोट बाहेरच भरलं होतं.

त्यानंतर आमची बाल्कनी म्हणजे मचाण झाली. सासूबाई सकाळपासून तिथे तांदूळ निवडत बसायच्या आणि तांदळापेक्षा गेटकडे जास्त बघायच्या. जीवन बोलल्याप्रमाणे वागत होता. भाजीवाला अडवला, इस्त्रीवाला अडवला. माझा सख्खा भाऊ माहेराहून तूप घेऊन आला, तर माझा फोन लागेपर्यंत त्याला उन्हात उभं केलं. मी संतापले, तर सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, तूप न्हाय वितळायचं." एकदा खुद्द त्याच कार्ड विसरून बाहेर गेल्या आणि परत येताना जीवनने त्यांनाच अडवलं. मला वाटलं, आता ह्याचं काही खरं नाही. त्या वर आल्या त्या हसतच. "मना अडवला गं! म्हंजे त्याला बी नक्की अडवनार."

आणि अडवला. कुमार साहेबाने नवी गाडी घेतली होती, तिला अजून सोसायटीचं स्टिकर नव्हतं. मागच्या सीटवर त्याच्या कंपनीचा मोठा साहेब आणि त्याची बायको. कुमार साहेब गाडी चालवत गेटवर आला आणि सवयीने हॉर्न दिला. दांडा वर गेला नाही. जीवन खिडकीशी आला. बाल्कनीत सासूबाईंनी हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि मला हाक मारली, "चहा आन. खुर्ची बी आन."

वरून शब्द ऐकू येत नव्हते, पण ऐकायची गरजही नव्हती. कुमार साहेब आधी हसला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मग खाली उतरला, छातीवर हात ठेवून बोलला, लॉबीच्या दिशेने बोट दाखवलं, बहुधा त्या सोनेरी फलकाकडे. जीवन मान हलवत होता आणि रस्त्याकडे हात करत होता. शेवटी कुमार साहेबाने गाडी मागे घेतली, गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकच्या रांगेत कुठेतरी लावली, आणि मोठ्या साहेबाला नि त्याच्या बायकोला खड्ड्यांतलं पाणी चुकवत चालत आत आणलं. त्या बाईने साडीचे काठ दोन्ही हातांनी वर धरले होते. सासूबाईंनी चहाचा शेवटचा घोट इतका सावकाश घेतला, जणू तो संपूच नये. मी सांगते, त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला. अशीच जिरवायला हवी होती त्याची.

पण कुमार साहेब कच्च्या गुरूचा चेला नव्हता. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आला. जीवनच्या हातात फुलांचा गुच्छ, त्याच्या खांद्यावर कुमार साहेबाचा हात. खाली लिहिलेलं, 'स्वतः चेअरमनलाही न सोडणारा गार्ड. हाच बदल मी आणला. आमच्या कंपनीचे सर तर पाहून थक्क झाले.' अंगठ्यांचा नुसता पाऊस. सासूबाईंनी मला तो मजकूर दोनदा वाचायला लावला.

"मी मेल्याच्या तोंडाला काळं फासलं," त्या म्हणाल्या, "तर त्यानं त्याचंच काजळ केलं." आणि उठून कणीक मळायला घेतली. आमच्या घरात कणीक सणालाच मळली जाते.

तिथून पुढे त्यांच्या डोक्यात एकच बसलं. हे असं आडून पुरेसं नाही. कुमार साहेबाच्या नाकासमोर, सगळ्या कॉम्प्लेक्सला दिसेल असं काहीतरी करायचं, की ही जागा कुणाची ते त्याला कळलं पाहिजे. आणि बापदेवाच्या राखणीचा दिवस जवळ आला होता.

भात पोटरीत आलं की बापदेवाला राखण द्यायची, ही आमच्याकडची रीत. एक कोंबडा, एक नारळ, वर्षभर शीव सांभाळल्याचा देवाला मान. आता भातही नाही नि शीवही नाही, पण दिवस चुकलेला नाही. दरवर्षी काका आणि भावकीतले चार-पाच जण मागच्या छोट्या फाटकाने जायचे आणि गाजावाजा न करता आटोपून यायचे. गेटवर आपलीच माणसं, तेव्हा विचारणार कोण? त्या दगडाकडे जायला कधी कुणाची परवानगी लागली नव्हती. म्हणून ठराव करताना सासूबाईंना बापदेव आठवला नाही, याचं मला नवल वाटत नाही. घरातल्या म्हाताऱ्याला कुणी पाहुण्यांत मोजतं का? मलाही नाही आठवला, आणि मी तर तो ठराव वाचून दाखवला होता.

आम्ही दोघी काकांना आणायला गणेशपुरीला गेलो. काका टपरीवर झेंडूच्या माळा ओवत बसले होते. सासूबाईंनी त्यांना गाडीची, खड्ड्यांची, साडीच्या काठांची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. काका हसले, पण थोडंच.

"राखन द्याया येतो," ते म्हणाले. "देवाचं चुकवू न्हाय. पन चार मानसं पुरं, वयनी."

"चार न्हाय. सगला गाव. वाजतगाजत, म्होरल्या गेटनं. त्याला दिसाया पायजे."

"देवाला कशाला पायजे वाजाप?"

"मना पायजे," सासूबाई म्हणाल्या. काकांनी सुई-दोरा खाली ठेवला आणि त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पण वहिनीला ते कधी नाही म्हणाले नव्हते, त्या दिवशीही त्यांनी नकार दिला नाही.

रविवारची सकाळ. बाल्कन्या माणसांनी भरलेल्या. बेंजोवाल्यांनी रस्त्यापासूनच सुरुवात केली होती. मागे आमची अख्खी आळी, बायका ताटं घेऊन, पोरं नाचत. सगळ्यांत पुढे नामाकाका, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, काखेत कोंबडा. त्यांच्या शेजारी सासूबाई. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. तलावाकाठी छत्रीखाली कुमार साहेब पेपर वाचत बसलेला होता, ते गेटवरून स्पष्ट दिसत होतं. सासूबाईंनी बेंजोवाल्यांना आणखी जोरात वाजवायची खूण केली.

जीवन दांड्यासमोर येऊन उभा राहिला.

"काकू, कुठल्या फ्लॅटला जायाचंय?"

सासूबाईंना वाटलं, तो थट्टा करतोय. "आरं, राखन हाय बापदेवाची. हो बाजूला."

"फ्लॅट नंबर सांगा, काकू. अॅपवर टाकाया लागंल."

"देवाचा कसला फ्लॅट नंबर? मंग माझा टाक. माझे पाहुने हायेत सगले."

"पाहुने तुमच्या फ्लॅटमधी जातील. आवारात घोळका न्हाय, असा ठराव हाय." मग तो एक पाऊल जवळ आला आणि खालच्या आवाजात बोलला. मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं. "मागच्या फाटकानं चार मानसं आली असती तर मी पाठ करून उभा ऱ्हायलो असतो. आमच्या गावाला बी हाय देव असा. पन एवढ्या लोकांदेखत सोडला तर माझी नोकरी जाईल, काकू. मना बी न्हाय, असं तुमीच बोलला व्हतात."

बेंजोची वाद्यं एकेक करून थांबली. काकांनी कोंबडा या काखेतून त्या काखेत घेतला.

"ह्याला कोनी ठेवला?" त्यांनी विचारलं.

मागून एक बाई म्हणाली, "हौसानंच."

काकांनी जीवनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काम नीट करतंय पोरगं," एवढंच म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

आळीतली तरुण पोरं पुढे सरसावली. दोघांनी दांड्याला हात घातला. जीवन हात पसरून आडवा झाला, पण मागे हटला नाही. त्याला मार पडणार हे दिसत होतं. सासूबाई ओरडल्या, "कोनी हात लावायचा न्हाय त्याला!" मग त्यांनी जीवनला विचारलं, "कोनी बोललं तर सोडशील?"

"चेअरमनची परवानगी आली तर," तो म्हणाला. त्याला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

सासूबाई आत गेल्या, मी त्यांच्या मागे. कुमार साहेबाने सगळं पाहिलेलं होतं. त्याने पेपरची सावकाश घडी घातली.

"बोला मावशी."

"परवानगी पायजे."

"कशाची?"

त्याला माहीत होतं कशाची. तरी त्याने ते त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. बापदेवाची राखण, वर्षाचा मान, थोडाच वेळ लागंल. बोलता बोलता सासूबाईंचे हात आपोआप जोडले गेले. ज्या हातांनी त्या चिखलात भात लावला होता, तेच हात त्याच तलावाकाठी जोडलेले. मला वाटलं, या माणसाला खुर्चीसकट पाण्यात लोटून द्यावं. अजूनही वाटतं. तलावाजवळून जाताना दर वेळी वाटतं.

"अहो, यात काय!" कुमार साहेब म्हणाला. "आपली सोसायटी सगळ्या परंपरांचा आदर करते. फक्त पुढच्या वर्षीपासून आधी अर्ज देत जा, कमिटी मंजूर करेल. आणि कोंबडा आत कापू नका, पोरं घाबरतात." त्याने मोबाइलवर अंगठा दाबला आणि पुन्हा पेपर उघडला.

आम्ही गेटवर पोचलो तोवर जीवनने दांडा वर केला होता. सासूबाई धावत काकांजवळ गेल्या.

"चल, नामा. चल लवकर. परवानगी घेतली."

काका हलले नाहीत. "कोनाची?"

"त्याची. चेअरमनची."

"बापदेवाकडं जायाला?"

"आरं, तुझ्यासाठीच घेतली! तुझ्यासाठी हात जोडले त्या मेल्याला!"

काकांनी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथून तो दगड दिसत नाही, जनरेटर आड येतो.

"वयनी, तो माझ्यावर हसला," ते म्हणाले, "ते मी कधीच गिळलं व्हतं. मानूस हसला म्हनून देव कुठं जात न्हाय. पन माझ्या बापानं, आज्यानं तिकडं जायाला कोनाला इचारलं न्हाय. आज तू इचारलंस. आता पुढच्या साली बी इचाराया लागंल, आनी त्याच्या पुढच्या साली बी. तू त्याला त्या देवाचा मालक केलास."

"माझ्या मनात तसं नव्हतं रं. तू परत यावास म्हनून..."

"माझ्यासाठी केलं असतंस," काका म्हणाले, "तर मागच्या फाटकानं नेलं असतंस."

त्यांनी कोंबडा सासूबाईंच्या हातात दिला आणि रस्ता ओलांडून शेअर रिक्षात बसले. मनोज त्यांच्या मागे धावला, पण रिक्षा भरलेली होती, ती लगेच सुटली. बेंजोवाले आपापली वाद्यं उचलून निघाले. बायका ताटांवर पदर झाकून पांगल्या. गेटवर आम्ही दोघीच उरलो.

"काकू, या ना आत," जीवन दांड्यापाशी उभा राहून म्हणाला. "परवानगी आली हाय."

सासूबाई कोंबडा छातीशी धरून तिथेच उभ्या राहिल्या. मागून कुणाच्या तरी गाडीने हॉर्न दिला, तेव्हा त्या बाजूला झाल्या.